पद्मिनी सकाळी उठत नाही, लोणावळ्यात रुसते

पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, आठवड्यातून एकदा, रविवारी बाहेर निघते. सकाळी दहा-दहा मिनिटं सेल्फ मारावा लागतो तेव्हा कुठे सुरू होते. एकदा सुरू झाली की तक्रार नाही. पण लोणावळ्याला चिक्की घ्यायला पंधरा मिनिटं थांबलं की परत सुरू होत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासानं काही न करता होते. आतापर्यंत नवी बॅटरी झाली, चार प्लग झाले, कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) दुरुस्ती-किट दोनदा टाकून झाली. फरक काही नाही. आता गॅरेजवाला म्हणतोय, कार्ब्युरेटरच नवा बसवू.

नका बसवू. निदान आत्ता नको. पस्तीस वर्षं मी फियाट आणि पद्मिनीच उघडतोय, आणि माझ्याकडे 'कार्ब्युरेटर गेलाय' म्हणून आलेल्या गाड्यांतल्या बहुतेकांचा कार्ब्युरेटर ठीक होता. घरात काही बिनसलं की धाकट्या सुनेकडे बोट, तसं आहे त्याचं. वर बसलेला, हाताला लागणारा, चार स्क्रू काढले की सुटणारा. म्हणून पहिला पाना त्याच्यावरच चालतो.

'गाडी सुरू होत नाही' एवढ्यानं मेकॅनिकला काही कळत नाही. कधी होत नाही, ते हवं. तुम्ही ते नीट लिहिलंय, त्यामुळे अर्धं काम झालंय. थंडीतली आणि गरम झाल्यावरची अशा तुमच्या दोन तक्रारी आहेत, आणि एकाच औषधानं दोन्ही जातील ही आशा सोडा. काही कारणं दोन्हीकडे हात घालतात, ती ओघात सांगतो.

आधी सकाळचं बघू.

येत्या रविवारी चावी लावायच्या आधी बॉनेट उघडा, एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि अॅक्सिलरेटरची दांडी हातानं पूर्ण ओढा. आतल्या बारीक पितळी नळीतून पेट्रोलची सुतळीएवढी धार उडायला पाहिजे. उडाली तर फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठायच्या छोट्या वाटीत) पेट्रोल आहे, पेट्रोलचा प्रश्न जवळजवळ मिटला, पुढे करंटकडे, म्हणजे ठिणगीकडे जा. नाही उडाली तर वाटी कोरडी आहे, किंवा कार्ब्युरेटरमधल्याच छोट्या अॅक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा फाटलाय. यातलं कुठलं, तेही सोपं आहे: गाडी सुरू करून दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि लगेच तीच दांडी ओढा. आता धार आली तर पडदा शाबूत आहे, वाटी सकाळी कोरडी होती एवढंच. माझी पैज वाटी कोरडी असण्यावर.

वाटी कोरडी का होते? गरम इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि इंजिनची सगळी धग वर चढते. त्यात वाटीतलं बरंचसं पेट्रोल त्याच संध्याकाळी उडून जातं, उरलेलं आठवडाभरात. हे पूर्वीही व्हायचं. आता जास्त होतं, कारण आपल्याकडचं पेट्रोल बदललंय. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आणि मूळ २०३० चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये देशभर तेच झालं. आपल्या गाडीचा १०८९ सीसीचा इंजिनआराखडा इटलीतल्या फियाट ११०० चा, निदान पन्नाशीच्या दशकापासूनचा. त्याच्या रबरानं आणि पडद्यांनी इथेनॉल कधी पाहिलेलं नाही. शिवाय इथेनॉलचं बाष्प व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते नीट पेटत नाही; आणि गरम बॉनेटखाली मात्र ७८ अंशांना उकळतं. दोन्हीकडून मार.

पण नुसती वाटी कोरडी असेल तर दहा-बारा सेकंद सेल्फ मारला की पंप ती भरतो. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीला एवढं माफ आहे. तुम्हाला दहा मिनिटं लागतात, म्हणजे पेट्रोल टाकीपासून पुढे येतच नाहीये. इथे एसी पंपाकडे वळा. (एसी पंप म्हणजे इंजिनच्या अंगाला बसलेला, कॅमवर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप. वातानुकूलनाशी संबंध नाही. एका तरुण मुलानं मला 'काका, माझ्या गाडीत एसी नाही' असं ठणकावून सांगितलं होतं.)

सकाळी, गाडी थंड असतानाच, कॉइलमधून (ठिणगीसाठी बॅटरीचं व्होल्टेज वाढवते ती) डेल्कोला (चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला) जाणारी मधली जाड वायर काढून बाजूला नीट अर्थ करा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्ब्युरेटरला येणारा पेट्रोल पाइप सोडवून पारदर्शक बाटलीत घाला आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. कॅम इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदा फिरतो, म्हणून पेट्रोल सलग येत नाही, पिचकारीसारखं येतं. पहिली पिचकारी किती सेकंदांनी येते ते मोजा. मग थांबा, परत मारा. दुसऱ्यांदा पहिल्याच झटक्याला आली, तर पंपाला जोर आहे. रात्रीत पेट्रोल मागे टाकीकडे सरकतंय. पंपातल्या झडपा धरत नाहीयेत. दुसऱ्यांदाही कण्हत, बुडबुडे काढत आली तर पंप हवा ओढतोय.

हवा ओढणं ही फसवी भानगड आहे. टाकी मागे, पंप पुढे. मधल्या लोखंडी नळीला दोन्ही टोकांना वीतभर रबरी पाइप. पंपाच्या अलीकडचा हा सगळा भाग ओढण्याच्या बाजूचा आहे, म्हणून तो चिरला तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही, आणि सगळे म्हणतात पाइप ठीक आहे. पाइप बोटांनी दुमडून बघा. बाहेरून गुळगुळीत दिसणारं रबर वाकवल्यावर भेगाळलेल्या टाचेसारखं उघडतं. दोन्ही तुकडे बदला, आणि दुकानात साधा पेट्रोल पाइप मागू नका, इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो तो मागा. महाग आहे, पण इथेनॉलला टिकतो. क्लिपा नव्या टाका.

हे करताना इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पातळी चढलेली दिसली, तर पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. तशी गाडी चालवू नका. बेअरिंगं खाईल. पंप आणि ऑइल दोन्ही बदलूनच चावी लावा.

आता चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोलचं मिश्रण देणारी सोय. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे गाडीपेक्षा चालवणारा जास्त चुकतो.

तुमच्या गाडीवर मूळचा सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटर असेल तर त्याचा चोक हा खरं तर चोक नाही. खात्री करायला एअर क्लीनर काढलेला असतानाच डॅशबोर्डवरची घुंडी ओढा. घशाच्या वरच्या तोंडाशी पत्र्याचं झाकण फिरून बंद झालं तर तो झाकणाचा चोक; कुणीतरी कार्ब्युरेटर बदललेला असणार. काहीच हललं नाही तर तो सोलेक्सचा स्टार्टर. कार्ब्युरेटरच्या अंगाला एक छोटी चकती असते, तिला भोकं असतात, आणि घुंडी ओढली की ती फिरून थंडीसाठीच्या वेगळ्या जेटचं (बारीक भोकाच्या तोटीचं) पेट्रोल मोकळं करते. हे मिश्रण थ्रॉटलच्या (अॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या) झडपेच्या खाली सोडलं जातं, आणि ते ओढून घ्यायला इंजिनाला तिथे निर्वात लागतो. तो निर्वात थ्रॉटल बंद असेल तरच तयार होतो. म्हणजे घुंडी ओढून तुम्ही पायानं अॅक्सिलरेटर दाबलात, की चोक बाद. जितका जीव तोडून पाय माराल तितकी गाडी थंड राहील.

तेव्हा क्रम असा: वाटीत पेट्रोल असल्याची खात्री, अॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, घुंडी शेवटपर्यंत बाहेर, पाय फूटबोर्डवर, मग चावी. सुरू झाली की अर्धी आत, आणि सोसायटीचं गेट ओलांडून गाडी रस्त्याला लागली की पूर्ण आत. वडिलांना हे ठाऊक असणार, त्या काळी सगळ्यांनाच ठाऊक होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेल्या पिढीला कोण सांगणार?

आणि घुंडी पूर्ण बाहेर आली म्हणजे चकती पूर्ण फिरली असं नाही. केबल टोकाला एका बारीक स्क्रूनं धरलेली असते. तो ढिला झाला की इकडे घुंडी तीन बोटं बाहेर आणि तिकडे दांडी अर्ध्यात. एकानं आत बसून घुंडी ओढायची, दुसऱ्यानं कार्ब्युरेटरपाशी दांडीच्या टोकाकडे बघायचं. दोन मिनिटांचं काम. दोन किटा टाकताना कुणी हे पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

बॅटरी तुम्ही नवी टाकलीय, पण एक विचारतो. गाडी सेल्फ फिरत असताना सुरू होते, की चावी सोडता सोडता? चावी सोडण्याच्या क्षणी धरत असेल, तर सेल्फ सगळा करंट खातोय आणि कॉइलपाशी काही उरत नाही. सोडला की कॉइलला दम येतो आणि तेवढ्यात एखादी ठिणगी लागते. मल्टिमीटर लावून बघा: उभी असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, आणि सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये. बॅटरी नवी असून खाली जात असेल तर इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी बघा. इतक्या वर्षांत तिच्या टोकाला हिरवट गंज चढलेला असतो. जंप केबल असेल तर तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. इंजिन एकदम चपळाईनं फिरलं तर दोषी सापडला. सॅंडपेपरनं घासा किंवा पट्टीच बदला. नवी बॅटरी मात्र फुकट गेली.

आता लोणावळा.

तुमच्या तक्रारीतली वेळ फार बोलकी आहे. दोन मिनिटं थांबून लगेच चावी मारली तर होते का? माझा अंदाज, होते. पंधरा मिनिटांनी होत नाही, पाऊण तासानं होते. घाट चढून आलेलं इंजिन बंद केल्यावर कार्ब्युरेटर लगेच तापत नाही. दहा ते वीस मिनिटांत तो सगळ्यात जास्त तापतो, मग निवत जातो. चिक्कीच्या दुकानात लागणारा वेळ नेमका तेवढाच.

पण या गरमीत तीन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात, आणि तिघींवर उपाय वेगळे. अंदाजानं काही करू नका, तिथेच, गाडी अडलेली असतानाच तपासा. पाऊण तासानं तपासण्यात अर्थ नाही, तेव्हा रोगी बरा झालेला असतो.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जुना, साफ केलेला प्लग ठेवा. गाडी अडली की न्यूट्रलला टाका, हँडब्रेक लावा, एका प्लगची वायर काढून या प्लगला जोडा, प्लग इंजिनच्या लोखंडावर नीट टेकवा, कार्ब्युरेटरपासून लांब, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टचटच आवाज करत निळी, जाड ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, केसासारखी, अधूनमधून पडली किंवा पडलीच नाही तर पेट्रोलचा विचार सोडून द्या.

करंट ठीक असेल तर परत तीच दांडी ओढून धार बघा. धार येतेय आणि पेट्रोलचा उग्र वास सुटलाय, म्हणजे वाटीतलं पेट्रोल उकळून घशात सांडलंय, इंजिन बुडालंय. घुंडीला हात लावू नका. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा, दाबूनच धरा, दाबसोड करू नका, आणि सेल्फ मारा. आठ-दहा सेकंदांत फुरफुरत सुरू होईल, काळा धूर सोडेल, मग पाय काढा. धार येत नाहीये, तर उलट आहे: पंपात किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ झालीय आणि पंप वाफेवर नुसता हलतोय. पंपावर ओलं फडकं गुंडाळा, वर थोडं पाणी सोडत राहा, पाच-सात मिनिटं थांबा. मुंबईचे जुने टॅक्सीवाले मे महिन्यात हे फडकं कायम पंपाला बांधूनच फिरायचे. गावंढळ वाटतं, पण यामागे पक्कं शास्त्र आहे.

कायमचा उपाय म्हणून कार्ब्युरेटरच्या बुडाखालची, उष्णता अडवणारी जाड बेकलाइटची पट्टी जागेवर आहे का ते बघा. दोनदा किट टाकताना कुणी ती काढून साधं कागदी पॅकिंग लावलं असेल तर कार्ब्युरेटर तव्यावर बसवल्यासारखा आहे. पेट्रोलची नळी इंजिनच्या गरम भागाला टेकत असेल तर लांब न्या. इलेक्ट्रिक पंप बसवायचा मोह होईल. बसवा, पण अडीच-तीन पीएसआयच्या (दाबाचं माप) वर नको, जास्त दाबाला सोलेक्सची नीडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) धरत नाही आणि ओव्हरफ्लो होतो.

आता करंट कमी पडत असेल तर? कंडेन्सर, म्हणजे डेल्कोतल्या पॉइंटवर (कॉइलचा करंट तोडणाऱ्या-जोडणाऱ्या टोकांवर) ठिणगी उडू न देणारा छोटा डबा. गरम झाला की मरतो, निवला की जिवंत होतो. एका डॉक्टरांची पद्मिनी आमच्याकडे आली, तिला तीन गॅरेजांनी मिळून पाच वेळा कार्ब्युरेटर धुतला होता. डेल्कोची कॅप काढली, पॉइंट उघडले, तर एकावर टोचणारा डोंगर आणि समोरच्यावर खळगा. कंडेन्सर नीट नसला की पॉइंटवर ठिणगी उडत राहते आणि एकीकडचा धातू दुसरीकडे जाऊन बसतो, त्याची ही सही. मी जुन्या गाडीतून काढून ठेवलेला एक कंडेन्सर लावला, आणि ती गाडी त्यानंतर अडली नाही.

जुना का लावला? कारण हल्ली डब्यातला नवा म्हणजे चांगला, हे राहिलेलं नाही. मुंबईत २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. शेवटी शेवटी त्या सीएनजीवर पळायच्या हे खरं, पण पॉइंट, कंडेन्सर, रोटर यांना गिऱ्हाईक त्यांचंच होतं. ते गेलं आणि धड माल करणारेही गेले. आता मिळतात त्यातले काही कंडेन्सर दुकानातून घरी जाईपर्यंतच चांगले असतात. दोन घ्या, एक लावा, एक गाडीत ठेवा. चाललेला जुना फेकू नका. पॉइंटची फट फिलर गेजनं अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित खाली, ०.४५ च्या आसपास ठेवा. व्हिजिटिंग कार्ड घालून सेट करणाऱ्याला गाडी देऊ नका. कॉइलही हाताला चटका बसेल इतकी तापत असेल तर संशयित आहे.

पावसाळ्यात सकाळी अडली तर वरचं सगळं विसरा आणि आधी कॅप काढून आतून कोरड्या सुती फडक्यानं पुसा. दहापैकी आठ वेळा तेवढंच असतं. कॅपच्या आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर पुसून उपयोग नाही, कॅप बदला.

हे सगळं बरोबर निघालं आणि तरी दोन्ही वेळी त्रास राहिला, तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. टॅपेट (व्हाल्व्ह उघडणारे भाग) आवळलेले असतील तर व्हाल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि गरम झाल्यावर आणखी कमी बसतात. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असले की पुरे.

आणि एक: कंटाळून कुणी बाटलीतून कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल ओतायला निघालं तर हात धरा. इंजिन उलटी शिंकलं की घशातून जाळ वर येतो. माझ्या डाव्या भुवईत आजही एक रिकामी जागा आहे, मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं.

तुम्ही या क्रमानं जा: रबरी पाइप, चोकची केबल, अर्थिंग, मग पॉइंट आणि कंडेन्सर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक रविवार जाऊ द्या, नाहीतर कशानं बरं झालं ते कळणार नाही. किट टाकताना मिक्स्चरचा स्क्रू नक्कीच फिरवला गेला असेल. तो हलक्या हातानं पूर्ण आत घ्या, आवळू नका, टोक चेपतं. मग दीड फेरी बाहेर, आणि इंजिन गरम झाल्यावर तिथून पाव-पाव फेरीनं जुळवा.